रिकाम्या चक्कीचे तास

माझी बायको वसुधा आश्विनात गेली. सकाळी तिने चहा केला आणि वर्तमानपत्र वाचलं. दुपारी तिला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी डॉक्टरांनी मला खोलीबाहेर बोलावलं आणि सांगितलं.

त्यानंतर तिचा मोबाइल माझ्याकडे राहिला. तो बंद करावा असं सगळे सांगत होते, पण मला ते जमलं नाही. चार्जिंगला लावून तो मी तिच्या टेबलावर ठेवत असे. पौष लागला तेव्हा त्यावर एक नाव पुन्हा पुन्हा दिसू लागलं: यशोदा उंबरदरा. मी उचलला की पलीकडून वाऱ्याचा आवाज यायचा, एखादा शब्द यायचा, आणि रेंज जायची. मी "हॅलो, ताई नाहीत" एवढं म्हणेपर्यंत फोन तुटलेला असायचा. एकदा मात्र अख्खं वाक्य ऐकू आलं. "ताई, ते चक्की नेनार म्हनत्यात, तुमी या."

उंबरदरा सुरगाणा तालुक्यात आहे. वसुधा कृषी अर्थशास्त्र शिकवायची, आणि शिकवण्यातून उरलेला वेळ तिने त्या एका पाड्याला दिला. मी ग्रंथपाल होतो. तिचे अहवाल मी वाचत असे, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत असे, आणि उंबरदरा मला तेवढाच माहीत होता. तिथल्या बायकांच्या बचतगटाला एका संस्थेकडून पिठाची चक्की मिळवून देण्यासाठी तिने दोन वर्षं पत्रव्यवहार केला होता. गावात दळण सुरू झालं की उन्हाळ्यात नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करून विकता येतील, आणि पापड विकले गेले तर दरवर्षी द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्यांपैकी काही जणी तरी गावात राहतील, असा तिचा हिशेब होता.

संस्थेचा फोन त्याच आठवड्यात आला. मृणाल नावाच्या प्रकल्प अधिकारी होत्या. सगळ्या गावांतल्या चक्क्यांची तपासणी चालली आहे, ज्या चालत नाहीत त्या मार्चअखेर उचलून दुसऱ्या गावांना द्यायच्या आहेत, तपासणीत बाहेरची एक व्यक्ती लागते, ती मॅडम असायच्या. "सर, तुम्ही याल का? नाहीतर मला तहसीलमधून कोणीतरी पकडून न्यावं लागेल." पकडून नेण्यासाठी मी सोयीचा आहे हे मला पटलं. मी हो म्हणालो.

वर जाताना

गंगापूर रोडवरून मला घेऊन मृणालबाईंनी गाडी थेट दिंडोरी रस्त्याला लावली आणि पहिल्या मिसळीच्या बागेत थांबवली. नाशिकमध्ये माणूस कुठल्याही कामाला निघाला तरी आधी मिसळ खातो. ह्याला विरोध करण्यात आयुष्यातली बरीच वर्षं घालवून मी आता गप्प बसतो. झोपाळे होते, ससे होते, आणि सकाळी सकाळी कर्ण्यावर गाणी होती. मृणालबाई तिशीच्या आहेत, पुण्याच्या, भराभर बोलतात. तर्री वाढून घेत त्यांनी मला तपासणी समजावून सांगितली. प्रत्येक चक्कीला तास मोजायचं मीटर आहे. लागोपाठ दोन महिने मीटर हललं नाही की मोबाइलमधलं अ‍ॅप त्या चक्कीला लाल रंग देतं. लाल म्हणजे निष्क्रिय. निष्क्रिय म्हणजे उचला.

"कोणते दोन महिने?" मी विचारलं.

"डिसेंबर आणि जानेवारी, सर. कारण मार्चच्या आत रिपोर्ट जायला हवा."

"डिसेंबर-जानेवारीत उंबरदऱ्याच्या बायका बागांत असतात."

"हो ना," त्या म्हणाल्या. "ते मलाही माहितीये."

त्यांना माहीत होतं. त्यांच्या वरिष्ठांनाही बहुधा माहीत असावं. वसुधाच्या प्रत्येक अहवालात ते लिहिलेलं होतं, मी स्वतः त्यातला 'स्थलांतर' हा शब्द सारखा दुरुस्त केला आहे. कापणी आणि मळणी आटोपली की पाडा खाली उतरतो, होळीला परत येतो. जून ते पुढचा जून असं तिथलं वर्ष चालतं, आणि एप्रिल ते मार्च असं संस्थेचं. एवढी साधी गोष्ट माहीत असूनही मार्च हलत नाही, तेव्हा चिडावं कोणावर हे कळत नाही. मी मिसळीवर चिडलो. ती फार तिखट होती.

वणी मागे पडल्यावर द्राक्षं संपली आणि डोंगर सुरू झाले. सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापडी मांडव टाकून स्ट्रॉबेरी विकणारे बसले होते. गुजरातच्या गाड्या तिथे थांबतात, फोटो काढतात, घासाघीस करतात. एका मांडवात नागलीचे पापडही होते, जाड आणि तपकिरी. विकणारी म्हणाली की ते गेल्या उन्हाळ्याचे आहेत, उंबरदऱ्याच्या बायका आणून देतात, हातोहात खपतात. मी एक पाकीट घेतलं आणि स्ट्रॉबेरीचा एक डबा घेतला. डबा मागच्या सीटवर ठेवला. पहिल्याच वळणावर मृणालबाईंचा कॅमेऱ्याचा स्टँड त्यावर पडला, आणि त्यापुढचा घाट आम्ही जॅमच्या वासात चढलो. मला घाटात मळमळतं. हे मी निघताना सांगितलं होतं.

उंबरदरा

डांबर संपतं तिथे एक मोठा उंबर आहे, त्याच्या पलीकडे घरं. कुडाच्या भिंती, वर कौलं, काहींवर पत्रे. अंगणं शेणाने सारवलेली आणि इतकी रिकामी की आपण सुट्टीच्या दिवशी शाळेत आलो आहोत असं वाटावं. दारांना बाहेरून काठ्या अडकवलेल्या होत्या. कुलूप एकाही घराला नव्हतं. आमच्या इमारतीत प्रत्येक दाराला दोन कुलपं आहेत, आणि जिन्यात कॅमेरा. दोन म्हाताऱ्या उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कोंबड्या होत्या.

आणि चक्कीचा आवाज येत होता.

मृणालबाई जागच्या जागी थांबल्या. "सर! चालू आहे!"

समाजमंदिराच्या एका खोलीत चक्की होती. दाराशी एक म्हातारा स्टुलावर बसला होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पाठ ताठ, एखाद्या कचेरीच्या दारावरचा शिपाई बसतो तसा. आम्हाला पाहून त्याने हात जोडले आणि आत जाऊन बटण बंद केलं. हा देवराम बाबा, यशोदाचा सासरा. गाव उतरलं की मागे राहणाऱ्या चारपाच म्हाताऱ्यांपैकी एक.

मृणालबाईंनी मीटर पाहिलं, मोबाइल पाहिला, पुन्हा मीटर पाहिलं. "सर, डेटा एकदम भारी आहे. डिसेंबरात आख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त हीच चाललीये. हे कसं काय?"

"रोज चालवतो," देवराम बाबा म्हणाला. "लाईट आली की लावायची, गेली की बंद. एक दिस चुकवला नाय."

"काय दळता बाबा एवढं?"

"दळायला काय हाय? समदी खाली गेलीत."

मी आत गेलो. पिठाच्या चक्कीची खोली मला ठाऊक आहे. लहानपणी डबा घेऊन मी तिथे पुष्कळ उभा राहिलो आहे. भिंतींवर, जाळ्यांवर, चक्कीवाल्याच्या पापण्यांवर पीठ असतं. इथे पीठ कुठेही नव्हतं. जळलेल्या दगडाचा वास होता, आणि चक्कीखाली राखाडी भुकटी पडली होती. मी ती बोटावर घेतली. रेती होती.

"बाबा, रिकामी चालवता?"

"मंग?" तो म्हणाला. "सुनेनं एक पोतं नागली ठेवली व्हती. म्हनली, मामा, थोडं थोडं दळत ऱ्हावा, मीटर थांबलं तर चक्की नेतील. ते पोतं झालं. मंग तेच पीठ पुन्यांदा घातलं. ते आत गच्च बसलं, वास याया लागला. मंग रिकामीच चालवली. मीटर थांबू देऊ का काय?"

मृणालबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चक्की रिकामी चालली की दोन्ही दगड एकमेकांना खातात. हे त्यांना माहीत नव्हतं, मी सांगितलं. त्यांनी वाकून आत टॉर्च मारला. दगडांवर टाक्या मारून पाडलेल्या खाचा पार गुळगुळीत झाल्या होत्या, एका दगडाची कडही उडाली होती.

"आवाज कसा येतो सांगू का," देवराम बाबा अभिमानाने म्हणाला, "खालच्या पाड्यावर ऐकू जातो. तिथली मानसं म्हनत्यात, उंबरदऱ्यात लय दळन हाय बुवा."

त्याला सांगितलेलं काम त्याने केलं होतं. लाईट आली की मोडके गुडघे घेऊन तो उठला होता आणि बटण दाबलं होतं. एका म्हातारीने गुळाचा कोरा चहा आणला. देवराम बाबा मृणालबाईंना विचारत होता की जास्त तास भरले म्हणून काही मिळतं का. त्या "बघते हं बाबा" म्हणाल्या आणि बाहेर जाऊन उंबराखाली उभ्या राहिल्या.

मी मात्र मीटरकडे पाहत बसलो, कारण ते कुठून आलं हे मला माहीत होतं. संस्थेला फोटो पुरेसे होते: फीत, नारळ, हसणाऱ्या बायका. वसुधाने हट्ट धरला. फोटोवरून काहीच कळत नाही, ती म्हणायची, फोटो एका दिवसाचा असतो. मीटर बसवा, म्हणजे चक्की खरंच चालते का ते कळेल. तिने तीन बैठका त्यावर घालवल्या. मान्य झालं तेव्हा ती घरी पेढे घेऊन आली होती. पुढे संस्थेने सगळ्याच चक्क्यांना मीटरं बसवली, आणि मग मीटर आहेच तर त्याला लाल-हिरवा रंग द्यावा असं कोणाला तरी सुचलं.

मला वसुधावर चिडायचं होतं. "अगं, म्हातारा रिकामी चक्की चालवेल हे तुला कसं सुचलं नाही?" एवढं एकच वाक्य होतं. तिने त्यावर चष्मा काढून माझ्याशी तासभर वाद घातला असता. ते वाक्य घेऊन मी त्या खोलीत बसलो होतो आणि समोर म्हातारा चहा संपायची वाट पाहत होता.

कागदाची बाग

दुसऱ्या दिवशी परत उतरताना आम्ही दिंडोरीच्या अलीकडे आत वळलो. उंबरदऱ्याची टोळी कोणत्या बागेत आहे हे देवराम बाबाने खुणांसकट सांगितलं होतं: पाण्याची निळी टाकी, तिच्यापुढे मारुती, मारुतीच्या उजवीकडचा बांध. त्यातला मारुती डावीकडे निघाला आणि आम्ही दोन बागा चुकलो.

बागेत शिरलो आणि मला थांबावं लागलं. मांडवाखाली, नजर पोचेपर्यंत, वर्तमानपत्रं लटकत होती. द्राक्षाचा घड थंडीत गुलाबी पडू नये, ऊन लागू नये म्हणून एकेका घडाभोवती कागद गुंडाळून पिन मारतात. परदेशी जायचा माल. ग्रंथालयात मी पस्तीस वर्षं वर्तमानपत्रं बांधून ठेवली. ती अशी फळाला येतील असं कधी वाटलं नव्हतं. बायका दोन्ही हात वर करून ओळीओळीने सरकत होत्या. कागद, वळसा, पिन. कागद, वळसा, पिन. खाली मान करायला कोणालाच वेळ नव्हता, म्हणून आम्ही आलो ते त्यांना आमच्या पायांच्या आवाजावरून कळलं.

"कोन हाय? बूट घालून कोन आलं?"

"यशोदाताई, मी मृणाल. संस्थेतली."

"आता आली का! आमी गावात असताना येत नाय, आन इथं पेपर लावताना येती." पेपर बाजूला करून एक चेहरा डोकावला. चाळिशीची बाई, सडपातळ, कपाळावर गोंदण, तोंडात दोन पिना. "आन हे कोन? नवीन सायेब?"

"वसुधा मॅडमचे मिस्टर."

तिने तोंडातल्या पिना काढल्या. "ताई कुठं?"

मी सांगितलं. आश्विनात, म्हणालो. डोक्यात रक्त साकळलं होतं. अचानक. ही वाक्यं मी इतक्या जणांना सांगितली होती की ती आता आपोआप येत होती. शेजारच्या ओळींतल्या बायकांचे हात थांबले. यशोदाने मात्र पुढचा घड धरला, त्याला कागद गुंडाळला, पिन मारली.

"मला वाटलं रागावली," ती म्हणाली. "फोन उचलून बोलत नाय. मी म्हनलं, मीटर फिरत नाय म्हनून आमच्यावर रागावली असंल."

"मीच उचलत होतो. रेंज जायची."

"जातीच ती." मग तिने आणखी एक घड बांधला आणि एकदम वळली. "पन भाऊ, ताईनं आमाला त्या मीटरचं येड लावून ठेवलं की वो! धा येळा सांगितलं तिला, ताई, हे मोजायचं खूळ नको, चक्की हाय, दळन आलं तर दळू. तर म्हनायची, यशोदा, मोजल्याबिगर कुनी इश्वास ठेवीत नाय. आता मोजा!"

"ऐकायची नाही ती," मी म्हणालो.

"कुनाचंच नाय! मी म्हनायची, घरी तरी ऐकती का नवऱ्याचं?"

"नाही."

बायका हसल्या. मीही हसलो. तीन महिने आमच्या दिवाणखान्यात येऊन बसणाऱ्या प्रत्येकाने वसुधाची थोरवी सांगितली होती, आणि मी मान डोलावली होती. तिच्यावर वैतागलेलं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं. त्या बागेत मला जरा मोकळा श्वास घेता आला.

मग चक्कीचं सांगावं लागलं. ते मृणालबाईंनी सांगितलं. रिकामी चालवल्याचं ऐकून एक जाडशी बाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. यशोदा हसली नाही.

"मामाला म्या सांगितलं व्हतं, थोडं थोडं. त्यांला थोडं म्हनजे काय ते कळत नाय. बैल बी असाच मारला त्यांनी, थोडं थोडं चारून." मग हळू म्हणाली, "दगड पार गेले?"

"पार," मी म्हणालो.

"मंग पापडाचं काय?"

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. तिची मुलगी मंगल पुढच्या वर्षी दहावीला जाणार. आश्रमशाळेत ठेवली की पळून येते, आई खाली उतरली की तीही खाली उतरते, आणि दरवर्षी तिची शाळा थंडीत तीन महिने बुडते. दहावीच्या वर्षी यशोदाला गावात राहायचं होतं. ते एकाच गोष्टीवर अवलंबून होतं: होळीनंतर चक्की दळली पाहिजे, उन्हाळाभर पापड झाले पाहिजेत, आणि ते सापुताऱ्याच्या रस्त्यावर गेले पाहिजेत. उंबरदऱ्याहून दुसरी चक्की नदीपलीकडे आहे. आणि इथल्या बाजारातला चक्कीवाला तर, "नागली म्हनलं की तोंड वाकडं करतो. म्हनतो, तुमची नागली दळली की मागनं येनाऱ्याचा गहू काळा निघतो."

"यंदा पापड झाले तर म्या पुढल्या साली इथं दिसनार नाय," ती म्हणाली. "नाय झाले तर मंगल बी पेपर लावंल."

ओळीच्या टोकाला एक मुलगी पिनांचा डबा घेऊन उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या ओळीत शिरली.

मृणालबाईंनी मोबाइल काढला. आल्यासारखं निदान लाभार्थींचा फोटो तरी चढवावा असं त्यांच्या मनात आलं. बायका कागदी घडांखाली ओळीने उभ्या राहिल्या, पदर सावरले. अ‍ॅपने फोटो घेतला नाही. आपण मंजूर गावाच्या हद्दीबाहेर आहात, असं त्यावर आलं.

"काय म्हनतंय?"

"म्हणतंय तुम्ही गावात नाही."

"तेच तर कवापासून आमी सांगतोय!" यशोदा म्हणाली. "त्याला कळलं, तुमच्या सायबांना कळंना."

एवढ्यात बागेचे मालक मोटरसायकलवरून आले. टोळी थांबलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला. चांगला माणूस होता, आम्हाला पाणी विचारलं, दोन घड तोडून दिले, पण नजर सारखी आभाळाकडे. रात्रीचा पारा उतरत होता आणि अर्धी बाग उघडी होती. "कार्यक्रम लवकर उरका ताई," ते मृणालबाईंना म्हणाले, "दव पडलं की मण्यांना तडे जातात." बायका आपापल्या ओळींना परत गेल्या.

बांधावर बसून मृणालबाईंनी अहवाल भरायला घेतला. माणूस प्रामाणिक होता. "चक्की रिकामी चालवली गेली, दगड निकामी, दुरुस्ती हवी, वापर हंगामी" असं सगळं त्यांना लिहायचं होतं. लिहायला जागा नव्हती. तास किती, एवढाच चौकोन होता, आणि त्यात आकड्याशिवाय काही टाकता येत नव्हतं. त्यांनी खाली-वर सरकवून पाहिलं. चक्कीची स्थिती: चालू किंवा बंद.

"सर, काय टाकू? बटण दाबलं तर चालू होते ती."

"होते."

"आणि बंद टाकलं तर मार्चअखेर उचलतील. मॅडमनी काय केलं असतं?"

"खरं लिहिलं असतं. चार पानं."

"जागा कुठाय चार पानांना!" त्या जवळजवळ ओरडल्या. यशोदा ओळीतून म्हणाली, "टाका चालू म्हनून. तास पायजेत ना त्यांला? हायेत की तास. आमच्या मामानं जीव काढून भरलेत."

त्यांनी 'चालू' टाकलं, आकडा टाकला. अ‍ॅप हिरवं झालं. खरी हकीकत मी वेगळ्या मेलने वरिष्ठांना कळवते, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. त्यांनी ती कळवलीही. मला प्रत पाठवली होती. मीही एक पत्र लिहिलं, सावकाश, दोन रात्री बसून. शुद्धलेखन तपासलं.

परत आल्यावर

माघात मला संस्थेचं उत्तर आलं. त्यांनी माझ्या भावनांची नोंद घेतली होती. मृणालबाईंच्या मेलला उत्तर आलं नाही, पण एक परिपत्रक आलं. सर्वाधिक तास चाललेली चक्की म्हणून उंबरदऱ्याची निवड झाली होती. एवढी मागणी असलेल्या गावाला एक चक्की अपुरी पडते, म्हणून त्यांना दुसरी मंजूर झाली होती.

मृणालबाईंचा फोन आला. "सर, हसू का रडू?" मी विचारलं, पहिलीच्या दगडांचं काय? दगडांना टाकी लावून देणारा माणूस वणीत बसतो, दुरुस्ती सोपी होती. त्या म्हणाल्या, "चालू चक्कीला दुरुस्ती मंजूर होत नाही, सर. कागदावर ती चालू आहे." मी फोन ठेवला आणि घरातल्या घरात बराच वेळ फेऱ्या मारल्या. वसुधा विद्यार्थ्यांना शिकवायची की गरीब देशांत पैसा कमी पडतो हे अर्धंच खरं आहे, तो चुकीच्या महिन्यात येतो हे उरलेलं अर्धं. मी ते वाक्य तिच्या टिपणांत वाचलं होतं तेव्हा मला ते जरा चटपटीत वाटलं होतं.

होळी झाल्यावर मी पुन्हा गेलो. या वेळी एस.टी.ने, आणि घाटात डोळे मिटून. पाडा ओळखू येईना. दारांच्या काठ्या निघाल्या होत्या. अंगणात खाटा टाकून त्यांवर लुगडी पसरली होती आणि लुगड्यांवर पापड वाळत होते, तपकिरी, तळहाताएवढे. पोरं कोंबड्या हाकत होती. चक्की गरगरत होती आणि या वेळी खोलीच्या दारातून पिठाचा धूर येत होता.

आत दोन चक्क्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. नवीवर दोन बायका दळत होत्या. जुनीवर पितळी पाटी होती, हार घातलेली, वसुधाच्या नावाची.

यशोदा पिठाने पांढरी झाली होती. "म्या सायबांना म्हनलं, ताईचं नाव चालत्या चक्कीवर लावा. तर म्हनले, नाय, जास्त तास हिचे हायेत." तिने पदराने पाटी पुसली. "हिला आता देवासारखं बसवलंय. नुस्तं बघायचं."

देवराम बाबा दाराशी स्टुलावर होता. चक्कीच्या बटणाला हात लावायचा नाही, अशी सुनेने त्याला ताकीद दिली होती. त्याला ते लागलं होतं. "तास म्या भरले म्हनून दुसरी आली," तो मला म्हणाला, "आन आता मला हात लावू देत नाय." बोलणं खरं होतं त्याचं.

जेवायला नागलीची भाकर, उडदाचं वरण आणि लसणाची चटणी होती. मंगल वाढत होती. दहावीला कुठे बसणार, मी विचारलं. ती आईकडे पाहून म्हणाली, "इथूनच जानार." यशोदा म्हणाली, "बघू. पापड संपू द्या आधी." मी निघताना तिने मला पीठ बांधून दिलं आणि वर म्हणाली, "भाऊ, तुमी लिवता ना? मंग लिवा त्यांला, तिसरी नको म्हनावं. ठेवायला जागा नाय."

मी लिहिलं. त्यांनी नोंद घेतली आहे.

यशोदा यंदा कापणीनंतर गावात राहणार की खाली उतरणार, हे अजून ठरलेलं नाही. वसुधाचा फोन मी बंद केला. घरी मी एकटा असतो. उंबरदऱ्यात दोन चक्क्या आहेत आणि त्यांतली एक दळते.